लॉबी चालू होती!

गावोगावच्या कबड्डी स्पर्धांच्या पत्रकांवर दोन वाक्यं हमखास ठळक टायपात असतात आणि दोन्ही निखालस खोटी असतात. ‘सामने ठीक सायंकाळी ६ वाजता सुरू होतील’ हे पहिलं आणि ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे दुसरं. पहिल्या वाक्यावर इगतपुरी तालुक्यातल्या घोटीत शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. विश्वास ठेवणारा एकच वर्ग उरला आहे: पंचेचाळीस ते साठ वयाचा, कानटोपी-मफलर घातलेला, स्वेटरच्या खिशात शेंगदाण्याची पुडी बाळगणारा स्थानिक कबड्डीचा भक्त. तो साडेपाचला येऊन मध्यरेषेसमोरची खुर्ची धरतो. सहाला टेम्पोतून मॅटचे तुकडे उतरतात. सातला ते जोडून होतात आणि एक तुकडा कमी असल्याचं लक्षात येतं. आठला जनरेटर सुरू होतो, सव्वाआठला बंद पडतो. मग प्रमुख पाहुणे येतात. त्यांच्यासोबत आलेल्या मंडळींसाठी पुढची रांग मोकळी करायची असते, त्यामुळे तीन तास राखलेली खुर्ची अशा माणसाच्या वाट्याला जाते, ज्याला चढाई आणि पकड यांतलं चढाई म्हणजे काय हेही माहीत नसतं. ‘वेळेअभावी दोनच शब्द बोलतो,’ असं म्हणून पाहुणे पंचवीस मिनिटं बोलतात. निवेदक मध्येच ‘एमएच १५ पासिंगची पांढरी गाडी रस्त्यातून बाजूला घ्यावी’ असं सांगतो आणि निम्मं मैदान उठतं. शिट्टी वाजते तेव्हा साडेनऊ झालेले असतात. एवढं सोसून माणूस चाळीस मिनिटांच्या सामन्यासाठी थांबतो, त्या अर्थी त्याचं खेळावर निस्सीम प्रेम असणार, असा सार्वत्रिक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. हा गृहस्थ खेळ बघायला आलेला नसतो आणि कोण जिंकलं हे कळावं म्हणूनही आलेला नसतो. पत्रकावरचं दुसरं वाक्य हाणून पाडायला तो आलेला असतो. चाळिशी ओलांडलेला स्थानिक प्रेक्षक मैदानावर जातो तो हरकत घ्यायला, असं माझं म्हणणं आहे. प्रस्तुत लेखक याच वयोगटात मोडत असल्यानं पुराव्यांची टंचाई नाही.

आधी या माणसाचं वर्ष कसं जातं ते बघावं लागेल. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात घोटीच्या कुठल्याही मोकळ्या जागेत आवणी करता येईल, कबड्डी खेळता येणार नाही. त्यानंतर भाताची कापणी, झोडणी आणि गिरण्यांचा घरघराट. दिवाळीनंतर शेतं रिकामी होतात, थंडी उतरते आणि स्पर्धांची पत्रकं चिकटू लागतात. म्हणजे पावसाळाभर या गृहस्थाला मत मांडायला जागाच नसते. घरात टीव्ही कोणता लावायचा हे नातवंडं ठरवतात, भाजी कोणती करायची हे सून ठरवते, दुकानात माल कोणता भरायचा हे आता मुलगा ठरवतो. ‘बाबा, तुम्ही नका पडू त्यात,’ हे वाक्य ऐकत त्यानं चार महिने काढलेले असतात. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. तालुक्यात एवढीच १३० चौरस मीटर जागा अशी आहे, जिथं त्याला कुणी ‘त्यात नका पडू’ म्हणत नाही. दोरी बांधलेली असते, पण ती कमरेपर्यंतच असते आणि आवाज तिच्या वरून जातो.

आता पुरावा. सामना चालू असताना तरुण पोरं चढाईपटूकडे बघतात. लहान मुलं गुणफलकाकडे बघतात. आपला गृहस्थ मात्र पहिल्या मिनिटापासून शिट्टी तोंडात धरलेल्या माणसाकडे बघत असतो. कबड्डीत दोन पंच असतात आणि त्यांच्यावर एक सरपंच असतो. गावच्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर सदस्य फोडावे लागतात, त्यांना सहलीला न्यावं लागतं, तहसीलदारांकडे नोटीस द्यावी लागते. मैदानावरच्या सरपंचावर अविश्वासाचा ठराव तो बसल्या जागी, एका वाक्यात आणि एकमतानं मंजूर करून टाकतो. ‘दम तुटला!’ ही सर्वांत जुनी हरकत. चढाई करणाऱ्यानं एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहिलं पाहिजे, हा मूळ नियम. निवेदकाचा कर्णा, जनरेटर, महामार्गावरच्या ट्रकचे भोंगे आणि मनमाडकडे निघालेल्या एक्स्प्रेसची शिट्टी यांच्या गदारोळात, चाळीस फुटांवरच्या पोराचा दम तुटल्याचं या गृहस्थाला स्पष्ट ऐकू येतं. घरात शेजारच्या खोलीतून मारलेली हाक मात्र येत नाही. बोनसचं तेच. समोर किमान सहा बचावपटू असताना चढाईपटूनं बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवायचा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. तो पाय बोटभर उचलला की नाही, हे दीड हात अंतरावर वाकलेल्या पंचाला नीट दिसलं नाही, पण वीजबिलाची तारीख वाचायला चष्मा शोधणाऱ्या आपल्या माणसाला लख्ख दिसलं. ‘मागचा पाय खाली होता, ओ साहेब!’ तो ओरडतो. साहेब मागं वळून बघत नाहीत. कसे बघतील? बघितलं तर पुढची चढाई चुकेल आणि तिच्यावरही हरकत येईल.

माझ्या या मांडणीवर पहिला आक्षेप घरातून येतो. ‘एवढीच हौस आहे तर टीव्हीवर बघा की. थंडी नाही, धूळ नाही, खुर्ची कुणी काढून घेत नाही.’ आक्षेप बिनतोड वाटतो. २०१४पासून प्रो कबड्डी घरात आली आहे. तिथं एकच पकड चार बाजूंनी, हळूहळू, पुन्हा पुन्हा दाखवतात. संघाला निर्णय पटला नाही तर तो फेरतपासणी मागू शकतो आणि पडद्यावर दूध का दूध होतं. नेमकं तिथंच घोडं पेंड खातं. पन्नाशीचा माणूस टीव्हीवरच्या कबड्डीसमोर सातव्या मिनिटाला घोरू लागतो, हे घोटीतल्या कुठल्याही गृहिणीला विचारून घ्यावं. ‘अहो, झोपलात काय?’ ‘छे, बघतोय.’ ‘मग कोण पुढं आहे?’ इथं तो डोळे न उघडता म्हणतो, ‘सामना बरोबरीत चाललाय.’ खेळ तोच, नियम तेच, खेळाडू शंभर पटीनं सरस. तरी झोप येते, कारण वादाला फट नाही. कॅमेऱ्यानं दाखवलं की हात लागलाच नव्हता, तर लागला नव्हता. त्यावर बोलायचं काय? गावच्या मैदानात असा कॅमेरा नाही, म्हणून प्रत्येक निर्णयाला किमान तीन बाजू असतात: पंचाची, आपली आणि गिरणीच्या गच्चीवर बसून सामना बघणाऱ्यांची. गच्चीवरच्यांना सगळं दिसतं, पण त्यांनी वर्गणी दिलेली नसल्यानं त्यांचं मत धरत नाहीत.

शिवाय कॅमेरा आला म्हणून वाद मिटतो, हेही खरं नाही आणि हा दाखला साऱ्या जगानं पाहिला आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेत पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. शेवटची मिनिटं, गुण २८-२८. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श न करता लॉबीत शिरला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत शिरले. लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांना असलेला मीटरभर रुंदीचा पट्टा. स्पर्श झाला की तो पट्टा खेळात धरतात. तोवर तिथं पाय टाकणारा बाद. मग आत गेलेले सगळेच बाद की फक्त चढाईवाला? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरंच सांगत होता. निर्णय दिला, फिरवला, परत फिरवला. खेळाडू मॅटवर बसकण मारून राहिले आणि अंतिम सामना सुमारे तासभर थांबला. अखेर भारतानं तो ३३-२९ असा जिंकला आणि सुवर्णपदक घेतलं. देशभर लोक म्हणाले, काय हा गोंधळ! घोटीतल्या पन्नाशीच्या माणसाला त्यात गोंधळ दिसला नाही. तो पहिल्यांदाच टीव्हीसमोर टक्क जागा होता. ‘लॉबी चालू होती!’ हे वाक्य तो गेली कित्येक वर्षं दोरीवर रेलून ओरडत आला होता आणि आज आशिया खंड त्याच मुद्द्यावर अडून बसला होता. फरक इतकाच की गावाकडे तासभर खेळ थांबल्यावर चहा येतो.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आहे. काही लोक म्हणतात, हे सगळं खरं असलं तरी मुळाशी गावाचा अभिमान आहे. ‘आपला संघ’ जिंकावा म्हणून तो जीव टाकतो. या आपल्या संघाकडे जरा जवळून बघू. मोठ्या बक्षिसाची स्पर्धा असली की चढाईला नाशिकरोडचा पोरगा आणलेला असतो, डावा कोपरा सिन्नरकडचा असतो, मध्यरक्षक कल्याणहून सकाळच्या गाडीनं आलेला असतो आणि अस्सल घोटीचे जे दोघं असतात ते राखीव म्हणून पाण्याच्या बाटल्या धरून बसलेले असतात. आपल्या गृहस्थाला यातल्या पाचांची नावंही ठाऊक नसतात. तो त्यांना बनियनच्या नंबरानं हाका मारतो. ‘चार नंबर, कोपरा सोड रे!’ चार नंबर कोपरा सोडत नाही, कारण कोपरा सोडण्याचे पैसे त्याला मिळालेले नसतात. बरं, अभिमानच म्हणावा तर तो वळतो तरी कसा बघा. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघ अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ असा हरला. आदल्या दिवशी पुरुषही इराणकडूनच उपांत्य फेरीत पडले होते. देशात सुतक होतं. आणि इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन. घोटी ते नाशिक अंतर तास-पाऊण तासाचं. म्हणजे देश हरला आणि जिल्हा जिंकला. अशा वेळी अभिमानी माणसानं रडायचं की पेढे वाटायचे? आपल्या गृहस्थानं दोन्ही केलं नाही. ‘नाशिकच्या बाईला इराणला का जावं लागलं, हा खरा प्रश्न आहे,’ असा मुद्दा त्यानं चहाच्या टपरीवर काढला आणि तो दसऱ्यापर्यंत पुरवला. जिथं विजय आणि पराभव एकाच दिवशी दारात उभे होते, तिथंही त्यानं हरकत निवडली. याहून स्वच्छ पुरावा कोर्टातही मिळत नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा: ‘काका लोकांना फक्त त्यांच्या वेळचं सगळं भारी वाटतं.’ यात तथ्य आहे, पण ते उलट बाजूनं वाचलं जातं. जुन्या आठवणींसाठी तो वाद घालत नाही. वाद घालायला नजीर लागते म्हणून तो जुन्या आठवणी काढतो. १९९०ला बीजिंगमध्ये कबड्डी पहिल्यांदा आशियाई स्पर्धेत आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं, त्या संघात अशोक शिंदे होते, हे तो असं सांगतो जणू त्या दौऱ्यात बॅगा उचलायला हाच होता. तेव्हा तो नववीत होता आणि गणितात नापास झाला होता. वाद तापला की ‘आमची वेळ’ आणखी मागं सरकते. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. तेही त्याच्या बोलण्यात ‘आमच्या वेळी’ याच सदरात येतं. मातीचा मुद्दा तर ठरलेलाच. ‘मॅटवर काय खेळता, मातीत खेळून दाखवा.’ एखादा आगाऊ पोरगा विचारतो, ‘काका, तुम्ही शेवटचं मातीत कधी खेळलात?’ काका म्हणतात, ‘प्रश्न माझा नाहीये,’ आणि हे मात्र अक्षरशः खरं असतं.

मोबाइलनं या सगळ्यावर संकट आणलं, अशी भीती मध्यंतरी होती. आता प्रत्येक चढाई दहा जण चित्रित करतात आणि काकांची हरकत हवेत विरायच्या आत कुणीतरी पडदा त्यांच्या नाकासमोर धरतं. ‘बघा, हात लागलाय.’ पण निसर्गानं इथं फार छान सोय करून ठेवली आहे. चाळिशीनंतर लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. काका मोबाइल हातभर दूर नेतात, मान मागं घेतात, डोळे बारीक करतात, पडद्यावर बोट फिरवून चुकून दुसराच व्हिडिओ लावतात, त्यात कुणाच्या तरी हळदीतला नाच निघतो, आणि मोबाइल परत देत शांतपणे निकाल देतात, ‘हा बाजूनं घेतलाय. समोरून घेतलेला दाखव.’ समोरून घेतलेला मिळाला की तो लांबून असतो. लांबून-जवळून, समोरून-बाजूनं असा सगळा मिळाला की शेवटचं अस्त्र बाहेर येतं, ‘ही मागच्या सामन्यातली चढाई आहे.’ तंत्रज्ञानानं वाद संपला नाही, उलट वादाला जोडपत्रं मिळाली.

डॉक्टरांचा आक्षेप थोडक्यात उरकतो. रक्तदाब आहे, ओरडू नका, त्यापेक्षा रोज चाला, असं ते म्हणतात. पण पंचाच्या मागोमाग दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हा माणूस एका सामन्यात जितका चालतो, तितका महिनाभरात बाजारातही चालत नाही. चढाईच्या तीस सेकंदांत तो स्वतःही श्वास रोखून धरतो, हे मात्र डॉक्टरांना कुणी सांगू नये.

या सिद्धान्ताची खरी परीक्षा होते ती आपला संघ दणदणीत जिंकतो त्या रात्री. पहिल्या डावातच समोरच्यांवर दोन लोण चढलेत, गुणफलकावर तीसेक गुणांची आघाडी आहे, पंचानं एकही निर्णय वादाचा दिलेला नाही, दिलाच तर तो आपल्या बाजूनं दिलाय. प्रेम खेळावर असतं किंवा गावावर असतं, तर या रात्री आपला भक्त नाचायला हवा होता. प्रत्यक्षात तो मध्यंतरालाच उठतो, मफलर नीट करतो आणि म्हणतो, ‘चला, आज काही दम नाही.’ याउलट आपला संघ एका गुणानं हरला, तोही शेवटच्या चढाईवर, तोही लॉबीतल्या पायामुळं, की हा गृहस्थ रात्री एक वाजता बंद पानटपरीच्या फळीवर चार जणांना घेऊन उभा असतो आणि जमिनीवर खडूनं मैदान आखत असतो. इथं तो होता, इथं पाय पडला, इथं पंच झोपला होता. अशा हरलेल्या सामन्यावर त्याचे तीन हिवाळे सुखात निघतात. जिंकलेले सामने त्याला दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. ‘काल काय झालं हो?’ ‘काय होणार? जिंकलो.’ या ‘जिंकलो’त जी निराशा असते, ती भात भिजल्यावरही कुणाच्या आवाजात ऐकू येत नाही.

हे एकदा मान्य केलं तर स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांपुढं उत्पन्नाचं फार मोठं दार उघडतं. सध्या मंडळाची पोरं वर्गणीसाठी गिरण्या, गॅरेजं आणि महामार्गावरचे ढाबे पालथे घालतात आणि फ्लेक्सवर कुणाचा फोटो किती मोठा, यावरून वर्षभराची भांडणं ओढवून घेतात. संघांनी निकालाविरुद्ध तक्रार करायची तर ती लेखी हवी आणि सोबत फी हवी, ही पद्धत स्पर्धांमध्ये आहेच. तीच प्रेक्षकांना लावावी. दर हरकतीला दहा रुपये, रोख, परतावा नाही. पन्नाशीचे शंभर प्रेक्षक धरले आणि माणशी रात्रीला फक्त वीस हरकती धरल्या, तरी बक्षिसांची रक्कम, मॅटचं भाडं, जनरेटरचं डिझेल आणि पाहुण्यांच्या शाली सुटून वर पुढच्या वर्षीची सोय होईल. काका लोक पैसे देणार नाहीत, अशी शंका कुणी काढेल. देतील; हरकत फुकट घेतली की पंच ऐकत नाही, पावती दाखवली तर निदान बघेल तरी. अडचण वेगळीच आहे. ‘लॉबी चालू होती’ आणि ‘लॉबी कधीचीच चालू झाली होती’ या दोन हरकती धरायच्या की एक, पुढच्या खुर्चीवरच्यानं ओरडल्यावर मागच्यानं नुसतं ‘बरोबर आहे!’ म्हटलं तर त्याची पावती फाडायची का, आणि दोरीच्या आत एक पाय टाकून घेतलेल्या हरकतीला जादा आकार लावायचा का, हे ठरवायला टेबलावर एक वेगळा पंच बसवावा लागेल. त्याच्या निर्णयावर हरकत घेणाऱ्यांसाठी फी अर्थातच जास्त ठेवावी. वीस रुपये ठीक राहतील.